आमदारकी हाच मुक्काम: उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका, तसेच गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त

स.न.वि.वि.

२०२३ च्या जानेवारीत श्री ठाणेदार यांनी वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, शपथ घेतली, तेव्हा बेळगावात वाढलेला आपला माणूस तिथवर पोचला म्हणून इथल्या मराठी घरांत आनंद झाला. तो रास्तच होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमार बर्वे मेरीलँडच्या विधिमंडळातून बाहेर पडले. सलग ३२ वर्षांची आमदारकी संपली आणि आपल्यात त्याची फारशी चर्चाही झाली नाही. आम्ही राज्य विधिमंडळांचं कामकाज जवळून पाहणारी मंडळी आहोत. आमदारकी म्हणजे काँग्रेसच्या वाटेवरची धर्मशाळा, रात्र काढायची आणि पुढे निघायचं, ही आपल्यातली समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे आपलं नुकसान होतं आहे, म्हणून हे पत्र.

नुकसान कसलं, ते आधी सांगतो. व्हिसा आणि ग्रीन कार्ड वॉशिंग्टनच्या हातात आहे, हे खरं. पण व्हिसाची मुदत संपत आली की ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणाचे नियम काय, भारतातून आलेल्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला परवाना कोणत्या अटींवर मिळणार, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) वाढलेल्या मुलाला राज्य विद्यापीठात रहिवाशाची फी लागणार की बाहेरच्याची, शाळेला राज्याकडून पैसे कोणत्या सूत्राने येणार, एचओएला, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीला, किती अधिकार असणार, विजेचे दर कोण ठरवणार, हे सगळं बहुतांशी राज्याच्या राजधानीत ठरतं. काँग्रेसमध्ये ५३५ जण बसतात. राज्य विधिमंडळांत मिळून ७,३८६. आपले लोक पोचू शकतात, आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाऊ शकतं, ते या ७,३८६ मध्ये.

बर्वे यांची कारकीर्द नीट पाहा. जन्म १९५८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा. शिक्षण अकाउंटिंगचं, जॉर्जटाउन विद्यापीठात. १९९० मध्ये माँटगोमरी काउंटीच्या १७ व्या मतदारसंघातून, म्हणजे रॉकव्हिल-गेथर्सबर्ग भागातून, ते निवडून आले. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे आमदार. मेरीलँडमध्ये ४७ मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून एक सिनेटर आणि तीन डेलिगेट (खालच्या सभागृहाचे आमदार), मुदत चार वर्षं, आणि किती वेळा निवडून यावं यावर बंधन नाही. एका मतदारसंघात तीन जागा असल्यामुळे एका पक्षाचे तिघं आणि सिनेटर मिळून बहुतेकदा ‘स्लेट’ करतात: एकच पत्रक, एकत्र दारं ठोठावणं, खर्च वाटून घेणं. नव्या इच्छुकाची पहिली चूक इथेच होते. तो आधी मतदारांकडे जातो आणि विद्यमान आमदारांकडे नंतर. स्लेटमध्ये जागा नसेल तर चौघांच्या ताकदीविरुद्ध एकट्याने लढावं लागतं, हे त्याला प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, महिनाभर आधी कळतं.

अनॅपोलिसचं, म्हणजे मेरीलँडच्या राजधानीतलं, अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि ९० व्या दिवशी मध्यरात्री संपतं. या ९० दिवसांत अडीच हजारांच्या आसपास विधेयकं येतात. पण विधेयकाचं खरं काम त्याआधी, सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये होतं. मसुदा आमदार स्वतः लिहीत नाही, विधिमंडळाचे कायदेतज्ज्ञ लिहून देतात. त्यांच्याकडे विनंती उशिरा गेली की मसुदा उशिरा येतो, विधेयक मुदत उलटल्यावर दाखल होतं आणि विषयाच्या कमिटीकडे न जाता रूल्स कमिटीत अडकतं. प्रत्येक विधेयकाला आर्थिक टिपण जोडलेलं असतं. त्यात राज्यावर पडणाऱ्या खर्चाचा आकडा मोठा दिसला की विधेयक तिथेच गार पडतं. मार्चच्या उत्तरार्धात ‘क्रॉसओव्हर’चा दिवस येतो. तोवर आपल्या सभागृहात जे मंजूर झालं त्यालाच दुसऱ्या सभागृहात सुनावणीची खात्री. मंजुरीला १४१ पैकी ७१ मतं लागतात, गव्हर्नरचा व्हेटो उलटवायला ८५.

हा सगळा हिशेब हाताखालून जातो तो कमिटीच्या अध्यक्षाच्या. सुनावणी कधी लावायची, कमिटीत मताला टाकायचं की नाही, हे तो ठरवतो. मताला न टाकलेलं विधेयक ‘ड्रॉवरमध्ये’ राहिलं असं म्हणतात, आणि बहुतेक विधेयकं तशीच जातात. बर्वे २००३ ते २०१५ सभागृहातले बहुमत पक्षाचे नेते होते आणि २०१५ पासून पर्यावरण आणि वाहतूक कमिटीचे अध्यक्ष. फ्रॅकिंगवर (खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्यावर) मेरीलँडने २०१५ मध्ये आधी फक्त तात्पुरती स्थगिती आणली, ऑक्टोबर २०१७ पर्यंतची. ती संपण्याच्या आत, २०१७ च्या अधिवेशनात, कायमची बंदी झाली, आणि रिपब्लिकन गव्हर्नरने तिच्यावर सही केली. दोन वर्षांची मुदत ही हार नव्हती. त्या काळात मतं गोळा झाली.

हवामानाच्या कायद्याचं तर याहून बोलकं. २०२१ मध्ये सिनेटने मोठं विधेयक पाठवलं, बर्वे यांच्या कमिटीने त्यात बरेच बदल केले, दोन्ही सभागृहांचं एकमत होईना, आणि एप्रिलमधल्या शेवटच्या रात्री बारा वाजले. विधेयक मेलं. पण त्यातला झाडं लावण्याचा भाग एका वेगळ्या विधेयकातून त्याच अधिवेशनात पार पडला: २०३१ पर्यंत ५० लाख देशी झाडं. पुढच्या वर्षी मूळ विषय परत आला आणि कायदा झाला. २००६ च्या तुलनेत २०३१ पर्यंत हरितगृह वायू ६० टक्क्यांनी कमी, २०४५ पर्यंत निव्वळ शून्य. गव्हर्नरने सही केली नाही आणि व्हेटोही वापरला नाही, म्हणून सहीशिवायच तो लागू झाला. आमदार असा कामाला येतो. बारा वाजता काय मेलं, त्यातलं काय वाचवता आलं, आणि पुढच्या जानेवारीत कोणाशी आधी बोलायचं, हे त्याला माहीत असतं. एका मुदतीत हे अंगी येत नाही.

याच बर्वे यांनी २०१६ मध्ये काँग्रेसची प्रायमरी लढवली. २५ वर्षांची आमदारकी, एक तपाचं नेतेपद, आणि मतं ३ टक्क्यांहून कमी. त्या लढतीत एका उमेदवाराने स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले, आणि तोही हरला. जिंकले ते राज्याचे सिनेटर जेमी रास्किन. अर्थ इतकाच की एका राज्य मतदारसंघात सव्वा लाखावर लोक राहतात आणि काँग्रेसच्या मतदारसंघात सात लाखांहून जास्त. पहिल्या ठिकाणी ओळख चालते, दुसऱ्या ठिकाणी टीव्हीवरच्या जाहिराती आणि पोस्टाने जाणारी पत्रकं. बर्वे परत आले, कमिटी सांभाळली, आणि २०२३ मध्ये गव्हर्नर वेस मूर यांनी त्यांना पब्लिक सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे वीज-गॅसचे दर ठरवणाऱ्या आयोगावर नेमलं.

स्वाती दांडेकर यांची वाट वेगळी, पण तीही अशाच आयोगाकडे गेली हा योगायोग नव्हे. नागपूरच्या दांडेकर १९७३ पासून आयोवातल्या मॅरियनमध्ये राहिल्या. १९९६ मध्ये स्थानिक शाळा मंडळावर निवडून आल्या आणि सहा वर्षं तिथे काढली. मग २००२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधी सभागृहावर. त्या प्रचारात विरोधी उमेदवाराने एका ईमेलमध्ये, भारतात वाढलेली बाई आयोवाचं प्रतिनिधित्व काय करणार, असा प्रश्न काढला. दांडेकर चांगल्या फरकाने जिंकल्या. आमच्या मते त्याचं कारण शाळा मंडळात आहे. आयोवाच्या त्या मतदारसंघात जेमतेम २९ हजार लोकवस्ती होती. सहा वर्षं शाळेचं बजेट, बसचे मार्ग आणि शिक्षकांचे करार ज्यांच्यासमोर मांडले, ते लोक ईमेल वाचून मत बदलत नाहीत.

२००८ मध्ये त्या सिनेटवर गेल्या. २०११ च्या सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना युटिलिटीज बोर्डवर, म्हणजे आयोवाच्या वीज-गॅस आयोगावर, नेमलं आणि त्यांनी जागा सोडली. तेव्हा ५० जणांच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचं बहुमत २६ विरुद्ध २४ होतं. एक जागा गेली असती तर बरोबरी. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटांनी ती राखली, पण मधले दोन महिने अख्ख्या राज्याचं राजकारण त्या एका मॅरियनच्या जागेवर टेकलं होतं. २०१४ मध्ये त्यांनी काँग्रेसची प्रायमरी लढवली आणि हरल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून, राजदूताच्या दर्जाने, पाठवलं. हा प्रवास शाळा मंडळापासून सुरू झाला, हे मंडळांनी आपल्या सभासदांना आवर्जून सांगावं.

ठाणेदार यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडंच लिहितो. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात पहिले. २०२० ला डेट्रॉइटमधून आमदार झाले, आणि एकाच मुदतीनंतर, २०२२ मध्ये, नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर काँग्रेसचं तिकीट जिंकलं. तीनही वेळा स्वतःचे पैसे लाखोंनी घातले. त्यांची जिद्द मोठी आहे. पण ज्याच्याकडे कंपनी विकून आलेला पैसा नाही, त्याने हा नकाशा घेऊन निघू नये. आमच्याकडे सल्ल्याला येणारे बहुतेक तरुण नेमका हाच नकाशा घेऊन येतात.

आता पगार. हा विषय आपल्या लोकांत उघडपणे कुणी काढत नाही आणि तिथेच घोळ होतो. बर्वे यांच्या शेवटच्या वर्षांत मेरीलँडच्या डेलिगेटला वर्षाला ५०,३३० डॉलर मिळत. आयोवात २५,००० आणि वर एका वर्षी शंभर तर पुढच्या वर्षी एकशेदहा दिवसांचा भत्ता. मिशिगनमध्ये ७१,६८५, पण ते पूर्ण वेळेचं काम. टेक्ससमध्ये वर्षाला ७,२०० आणि अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता, तेही विषम वर्षांत १४० दिवस. न्यू हॅम्पशरमध्ये वर्षाला १०० डॉलर, चारशे आमदारांना प्रत्येकी. म्हणजे उभं राहण्याआधीचा प्रश्न ‘मतं कुठून येतील’ हा नसून ‘जानेवारी ते एप्रिल नोकरीचं काय’ हा आहे. मालकाकडून बिनपगारी रजेचं लेखी पत्र, आरोग्य विमा कुणाच्या नावावर, घराचा हप्ता कोणत्या पगारातून, हे कागदावर मांडल्याशिवाय अर्ज भरू नये. निवडून आल्यावर दुसऱ्या अधिवेशनात राजीनामा देणारे लोक बहुधा हाच हिशेब चुकलेले असतात. मिशिगनचं आणखी एक: तिथे २०२२ पर्यंत खालच्या सभागृहात तीनच मुदती करता येत, त्यामुळे कमिटीत हात बसेपर्यंत घरी जायची वेळ येई. त्या वर्षी मतदारांनी नियम बदलून दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षं केली.

अर्ज भरताना काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण समोर ठेवतो. केंटकीत आमदारकीच्या अर्जावर पक्षाच्या फक्त दोन नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. लुईव्हिलच्या विद्यमान आमदार निमा कुलकर्णी यांच्या २०२४ च्या अर्जावरच्या दोनपैकी एक सही करणारी व्यक्ती त्या तारखेला डेमोक्रॅट म्हणून नोंदलेली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं. कुलकर्णी यांनी प्रायमरी भरघोस मतांनी जिंकली, आणि त्यानंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या प्रायमरीतून अपात्र ठरवलं. नोव्हेंबरमध्ये त्या पुन्हा निवडून आल्या खऱ्या, पण अख्खा उन्हाळा कोर्टकचेऱ्यांत गेला. दोनच सह्या लागत असल्या तरी जिथे नियम परवानगी देतो तिथे दहा घ्याव्यात. जिथे देत नाही तिथे प्रत्येक सहीकर्त्याची मतदार नोंदणी सहीच्याच दिवशी छापून फाइलला लावावी. आयोवात प्रतिनिधीसाठी ५० आणि सिनेटसाठी १०० सह्या लागतात, तिथे दुप्पट गोळा कराव्यात. मिशिगनमध्ये सह्यांऐवजी १०० डॉलर भरता येतात आणि नवख्याने तेच करावं. मात्र तिथलं ओळखीचं प्रतिज्ञापत्र ओळ न ओळ तपासावं, कारण जुन्या प्रचाराचा एखादा हिशेब किंवा दंड बाकी असताना ‘काही बाकी नाही’ असं लिहिलं की नाव मतपत्रिकेवरून जातं.

आता मंडळांकडे येतो. आपली बहुतेक मंडळं अमेरिकी करकायद्याच्या ५०१ (सी) (३) या कलमाखाली करमुक्त आहेत. १९५४ पासूनच्या कायद्याने अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करता येत नाही. तरी गणपतीच्या मंचावर एकाच उमेदवाराला बोलावून शाल-श्रीफळ देणं, ‘आपल्या माणसाला निवडून द्या’ असं माइकवरून सांगणं, मंडळाच्या यादीवरून त्याच्या निधिसंकलनाचं आमंत्रण पाठवणं, हे प्रेमापोटी घडतं. त्यात मंडळाची करमाफी धोक्यात येते आणि उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं. बोलवायचं तर त्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना एकाच मजकुराचं लेखी आमंत्रण द्या, सगळ्यांना सारखी मिनिटं द्या, आणि आमंत्रणांच्या प्रती जपून ठेवा. अध्यक्षांना व्यक्तिशः पाठिंबा द्यायचा असेल तर मंडळाचं नाव, मंच आणि लेटरहेड बाजूला ठेवून जरूर द्यावा.

देणग्यांचं तर अधिक जपून. एच-१बी, एच-४, विद्यार्थी व्हिसा किंवा पाहुणे म्हणून आलेले आई-वडील, यांपैकी कुणालाही अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही. शाळा मंडळाच्या निवडणुकीतही नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना चालतं. ‘तुझ्या नावाने मी देतो, तू मला परत दे’ हा सरळसरळ गुन्हा आहे. मात्र व्हिसावर असलेला माणूस पगार न घेता प्रचारात स्वयंसेवक होऊ शकतो, फोन करू शकतो, दारोदार जाऊ शकतो. आपल्यातल्या हजारो लोकांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

आणि एक गोष्ट मंडळांना करता येते, पण ती कुणी करत नाही: विधेयकांवर बोलणं. उमेदवाराबद्दल बोलायला बंदी आहे, कायद्याबद्दल नाही. फक्त प्रमाण राखायचं. करखात्याचा (आयआरएसचा) फॉर्म ५७६८ एकदा भरला की खर्चाची मर्यादा नेमकी होते: पहिल्या ५ लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक खर्चाच्या २० टक्के. एक लाख डॉलर खर्च करणाऱ्या मंडळाला वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत विधेयकांसाठी वापरता येतात, त्यातले ५,००० पर्यंत लोकांना ‘आमदारांना फोन करा’ असं सांगण्यावर. इतके पैसे लागतही नाहीत. मेरीलँडमध्ये साक्षीसाठी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, सुनावणीच्या आधी ठरलेल्या मुदतीत नाव आणि लेखी निवेदन चढवायचं, आणि बोलायला बहुधा दोनच मिनिटं मिळतात. नाव नोंदवायची वेळ चुकली की सुनावणीला नुसतं बसून परत यावं लागतं. नागरिकत्वाची अट नाही. दोन मिनिटांत इतिहास सांगू नका. पहिल्या वाक्यात विधेयकाचा क्रमांक आणि बाजू, दुसऱ्यात तुम्ही कोणत्या मतदारसंघात राहता, मग एकच उदाहरण, आणि शेवटी कोणत्या कलमात कोणता शब्द बदलून हवा ते. शब्द लिहून नेला असेल तर कमिटीचा स्टाफ तो उचलतो. नुसती भावना मांडली तर आभार मानतो.

म्हणून आमच्या मागण्या. दर ऑक्टोबरमध्ये, अधिवेशनाच्या तीन महिने आधी, प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांची मतदारसंघनिहाय यादी करावी आणि प्रत्येक मतदारसंघातून पाच-सात जणांनी आपापल्या आमदाराची भेट घ्यावी. दुसऱ्या मतदारसंघातले शंभर लोक आले तरी आमदाराला त्याचा उपयोग नसतो. मतदार नोंदणीच्या टेबलावर पक्ष नोंदणीचा नियमही सांगावा. मेरीलँड आणि केंटकीत कोणत्याही पक्षात नाव न नोंदलेल्याला पक्षाच्या प्रायमरीत मतच देता येत नाही, आणि केंटकीत तर पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. बऱ्याच जागांचा निकाल प्रायमरीतच लागतो, तेव्हा ‘मी स्वतंत्र’ म्हणून घरी बसणारा आपलं मत आपणच कमी करतो. शाळा मंडळ, ग्रंथालय समिती आणि काउंटीच्या पक्ष समितीच्या रिकाम्या जागांची माहिती मासिक पत्रकात नाट्यप्रयोगांच्या शेजारी छापावी. मेरीलँडमध्ये आमदाराची जागा मधेच रिकामी झाली की नाव सुचवते ती ही पक्ष समितीच, आणि गव्हर्नर नेमतो. बर्वे यांची जागासुद्धा अशीच भरली गेली.

आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या अधिवेशनात, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आपल्या मेळ्यात, एक सत्र फक्त राज्यांच्या आमदारकीसाठी ठेवावं. दोन तास, सत्कार नाहीत, वक्ते आजी-माजी आमदार आणि त्यांचे कर्मचारी, दोन्ही पक्षांचे. समोर एक खरं विधेयक छापून वाटावं आणि ते ओळीओळीने वाचावं. त्याची तयारी करून द्यायला आम्ही तयार आहोत. कार्यकारिणीने होकार कळवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
राज्य विधिमंडळांच्या कामाशी जोडलेले काही मराठी अमेरिकन